ड्रॅक्युला किती प्रकारचे? मॉन्स्टरपटांच्या सूचीच्या नोंदी

४ जानेवारी

काम एका ओळीत: घरात साठलेले सगळे जुने मॉन्स्टरपट एका सूचीत आणायचे. डिस्क, व्हीएचएस कॅसेट, आठ मिलिमीटरची रिळं, मासिकं, पोस्टरं, सगळंच. आजवर हा हिशेब डोक्यात होता, आता डोक्यात मावत नाही.

भाचा मदतीला आलाय. पहिलंच खोकं उघडून त्याने तीन डिस्का बाजूला काढल्या. "मामा, हे तिन्ही ड्रॅक्युला १९३१ चेच आहेत. दोन काढून टाकू का?"

"हात लावू नकोस."

म्हणून पहिला नियम ठरला. सूचीतली एक ओळ म्हणजे एक सिनेमा नव्हे, एक आवृत्ती. रकाने असे: नाव, वर्ष, आवृत्ती, लांबी, चौकटीचं प्रमाण, प्रत कशावरून बनवली, वस्तूची स्थिती. आणि एक रकाना मुद्दाम ठळक केलाय: 'काय गायब आहे'. या छंदातली निम्मी मजा त्या रकान्यात आहे. निम्मा त्रासही.

७ जानेवारी

ड्रॅक्युलाच्या तीन ओळी भरल्या.

पहिली सर्वांना ठाऊक असलेली: टॉड ब्राउनिंगचं दिग्दर्शन, बेला लुगोसी, ७५ मिनिटं. गायब: शेवटचं निवेदन. चित्रपट संपल्यावर व्हॅन हेल्सिंग, ड्रॅक्युलाचा माग काढणारा प्राध्यापक, पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना 'अशा गोष्टी खरंच असतात बरं का' अशा अर्थाचं सुनावून जायचा. १९३६ च्या पुनर्प्रदर्शनात ते कापलं गेलं.

दुसरी तीच, पण वेगळ्या ध्वनिपट्टीसह. मूळ चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. नामावलीवर 'स्वान लेक'चा तुकडा वाजतो आणि मग शांतता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप ग्लासने त्यासाठी संगीत लिहिलं, क्रोनोस क्वार्टेटने वाजवलं. मला स्वतःला ती शांतताच आवडते. रिकाम्या किल्ल्यात आर्मडिलो फिरताहेत (ट्रान्सिल्व्हेनियात आर्मडिलो कुठून आले, हे विचारायचं नाही) आणि आवाज म्हणून फक्त जुन्या फितीची खरखर, याची मजा व्हायोलिनने वाढत नाही.

तिसरी ओळ म्हणजे स्पॅनिश ड्रॅक्युला. भाच्याला इथे मान्य करावं लागलं की मामाचं डोकं ठिकाणावर आहे. दिवसा इंग्रजी पथक काम करायचं. रात्री त्याच सेटवर जॉर्ज मेलफर्डचं पथक स्पॅनिशमध्ये तीच गोष्ट चित्रित करायचं. कार्लोस व्हिलारियास आणि लुपिता तोव्हार त्यात आहेत. लांबी १०४ मिनिटं, म्हणजे इंग्रजीपेक्षा जवळपास अर्धा तास जास्त. कॅमेरा हलता, जिन्यावरचं काउंट ड्रॅक्युलाचं पहिलं दर्शन इंग्रजीपेक्षा सरस. फक्त व्हिलारियास लुगोसी नाही, आणि ही उणीव कुठल्याच कॅमेऱ्याने भरून निघत नाही.

हा चित्रपट अनेक दशकं दिसेनासा झाला होता. अमेरिकेतल्या प्रतीचं एक रीळ सडलेलं होतं, ते शेवटी क्यूबातल्या संग्रहालयात मिळालं. डिस्क लावली की तो भाग लगेच ओळखू येतो, चित्र एकदम मऊ आणि राखाडी होतं. सूचीत शेरा: 'तिसरं रीळ हवानाचं'.

११ जानेवारी

लांबीचा रकाना डोकं खातोय. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या एका डिस्कवर ७१ मिनिटं, दुसरीवर ६८. पहिला संशय कात्रीचा. पण दोन्ही शेजारी लावून पाहिल्या तर प्रसंग सगळे तेच. फरक पाल (PAL) या टीव्ही पद्धतीचा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल पद्धत २५ ची, त्यामुळे सगळं चार टक्के वेगाने पळतं आणि आवाजही किंचित चढा लागतो. ७१ भागिले २५ गुणिले २४ म्हणजे ६८ आणि थोडी सेकंदं. जमलं. यापुढे लांबीसमोर पाल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) हेही लिहायचं.

१८ जानेवारी

आज फक्त 'फ्रँकेन्स्टाइन'. एकच ओळ, पण दिवस गेला.

सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावासमोर प्रश्नचिन्ह आहे, बोरिस कार्लॉफचं नाव शेवटी येतं. जॅक पियर्सचा मेकअप: कापूस आणि कोलोडियनच्या थरांनी उभारलेलं कपाळ, रोज काही तासांचं काम. कार्लॉफने स्वतःची दातांची बसवलेली कवळी काढून गाल आत ओढून घेतला, ती खळगी डिस्क थांबवून पाहिली की स्पष्ट दिसते. एकाच गालाला आहे.

'काय गायब आहे'मध्ये तळ्याकाठचा प्रसंग लिहिला. छोटी मारिया राक्षसाला फुलं देते. दोघं ती एकेक करून पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात. राक्षस रिकाम्या हातांकडे बघतो आणि मग तिच्याकडे हात पुढे करतो. नंतरच्या पुनर्प्रदर्शनांत कात्री नेमकी इथे बसली. पुढे त्याने तिला उचलून पाण्यात टाकलं, तीही फुलासारखी तरंगेल या समजुतीने, हे प्रेक्षकाला दिसतच नसे. एकदम बाप तिचा निष्प्राण देह हातांवर घेऊन लग्नाच्या धामधुमीतून चालत येताना दिसायचा. म्हणजे सेन्सॉरने मुलीचा मृत्यू सौम्य केला नाही, त्याने राक्षसाला भलत्याच गुन्ह्याचा संशयित करून ठेवलं. कापलेला तुकडा १९८० च्या दशकात परत जोडला गेला.

दुसरी कात्री आवाजाला. प्रयोग यशस्वी झाल्यावर राक्षस घडवणारा शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकेन्स्टाइन ओरडतो की देव असणं म्हणजे काय ते मला आता कळलं. त्या वाक्यावर विजेचा कडकडाट चढवला होता. माझ्याकडच्या जुन्या कॅसेटवर कडकडाट आहे, डिस्कवर वाक्य आहे. कॅसेट ठेवायची.

२ फेब्रुवारी

रिळांचं खोकं उघडलं. एका जुन्या संग्राहक स्नेह्यांनी आपला पसारा आवरताना ते माझ्याकडे दिलं होतं, बहुतेक माल कॅसल फिल्म्सचा. घरोघरी व्हीसीआर यायच्या आधी सिनेमा 'आपला' करायचा मार्ग हाच होता. ५० किंवा २०० फुटांचं रीळ, अख्ख्या चित्रपटाचा काही मिनिटांचा अर्क, बहुतेक मूक, संवाद अक्षरांत. खोलीच्या भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टरची घरघर, आणि दहाबारा मिनिटांत राक्षस जन्मून जळूनही जायचा.

झाकण काढताच व्हिनेगरचा भपका आला. असिटेट फितीचं हेच दुखणं. फितीचा पाया विघटित होतो, त्यातून असिटिक आम्ल सुटतं आणि ते आम्लच पुढचं विघटन वेगाने करतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही. गारवा आणि कोरडी हवा दिली तर मंदावतं, इतकंच. शेजारच्या रिळांनाही त्याचा उपद्रव होतो.

सगळ्यात वाईट रीळ हातात धरून पाहिलं. कडेने फीत लाटेसारखी वर-खाली झालेली, मधोमध खोलगट. दोन-तीन फूट उलगडली तर सरळ पडून राहीना, नळीसारखी वळायला लागली. आक्रसल्यामुळे छिद्रांमधलं अंतर कमी झालंय. प्रोजेक्टरवर चढवली तर दात छिद्रं फाडतील. भिंगातून एक चौकट पाहिली: वुल्फ मॅन झालेला लॉन चॅनी ज्युनियर, अर्धा केसाळ, नखाएवढाही नाही. चित्र शाबूत आहे, खालचा प्लास्टिकचा पट्टा मरतोय.

वास येणारी रिळं वेगळ्या खोलीत हलवली. पत्र्याचे बंद डबे काढून टाकले, आम्लाची वाफ बाहेर पडायला वाट हवी.

३ फेब्रुवारी

प्रत्येक रिळाजवळ आम्ल दाखवणारी एडी पट्टी ठेवली. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सुरुवात, पिवळी म्हणजे हाताबाहेर.

९ फेब्रुवारी

मासिकांचा दिवस. काम कमी, वाचन जास्त.

भाच्याचा प्रश्न रास्त होता: "तू जन्मायच्या आधीचे सिनेमे, तुला त्यांचं वेड कुठून?" माझं सोडा, अमेरिकेतली जी पिढी या वेडाची जनक मानली जाते तीही हे चित्रपट थिएटरात पाहून मोठी झालेली नाही. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने चित्रपट 'शॉक' नावाच्या गठ्ठ्यात टीव्ही केंद्रांना दिले गेले. स्टुडिओच्या लेखी तो पडून असलेला माल. केंद्रांनी तो रात्री उशिरा लावला आणि मधे बडबड करायला भुताखेतांच्या वेषातले सूत्रधार बसवले. लॉस एंजेलिसमध्ये व्हॅम्पायराने १९५४ मध्येच तो पायंडा पाडला होता. झोपायची वेळ टाळून जागलेल्या पोरांना एका हंगामात अख्खी परंपरा मिळाली.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, जेम्स वॉरनने 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' काढलं, संपादक फॉरेस्ट जे. ॲकरमन. भरपूर छायाचित्रं, भरपूर कोट्या (बऱ्याच पांचट), आणि मागच्या पानांवर मुखवटे व रिळांच्या जाहिराती. त्याने पोरांना फक्त भुतं दाखवली नाहीत, मेकअप कोणी केला, पुतळा कोणी हलवला, ही नावं पाठ करून घेतली. पियर्स आणि विलिस ओब्रायन ही नावं आज चाहत्याच्या तोंडी असतात ती त्यामुळे. ॲकरमनचं लॉस एंजेलिसमधलं घर म्हणजेच संग्रह होता आणि तो लोकांना घरात घेऊन तो दाखवायचा. २००८ मध्ये तो गेला, त्यानंतर बराचसा संग्रह लिलावात पांगला. सूची करताना हे डोक्यात राहतं.

मुखपृष्ठं बेसिल गोगोसची. कृष्णधवल चेहऱ्यांवर त्याने जांभळे, पिवळे, हिरवे प्रकाश टाकले. राक्षस हिरवा असतो हे मनात ठसवण्यात अशा चित्रांचा वाटा मोठा. अर्थात कार्लॉफच्या चेहऱ्यावरचा रंगही करडा-हिरवटच होता, कारण कृष्णधवल फितीवर तो प्रेतासारखा फिकट उतरायचा.

१९६१ चं ऑरोराचं फ्रँकेन्स्टाइनचं जोडायचं मॉडेल माझ्याकडे नाही. मूळ खोक्यासकट तर स्वप्नातच.

१५ फेब्रुवारी

पट्ट्या पाहिल्या. बहुतेक निळ्याच. तीन हिरव्या. वुल्फ मॅनची पिवळी. ते रीळ स्कॅन करून घ्यायचं, प्रोजेक्टरवर नाही.

१६ फेब्रुवारी

वुल्फ मॅन हातात आहेच तर त्याची मालिका आजच उरकावी म्हटलं आणि सूचीची रचनाच अडली. 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' (१९४३) कुठल्या मालिकेत? फ्रँकेन्स्टाइनच्या संचातही तो आहे, वुल्फ मॅनच्या संचातही. 'हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आणि 'हाउस ऑफ ड्रॅक्युला' तर तिन्हीकडे हक्क सांगतात. तोडगा: मालिकेचा रकाना वेगळा, त्यात कितीही नावं चालतील, ओळ मात्र एकदाच.

१९४३ चा हा चित्रपट दर्जाने मध्यम आहे, पण 'काय गायब आहे' या रकान्याचा राजा हाच. आधीच्या 'घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन'च्या (१९४२) शेवटी राक्षसाच्या डोक्यात त्याचा साथीदार इगोर याचा मेंदू बसतो आणि तो आंधळा होतो. इगोर झाला होता लुगोसी, म्हणून पुढच्या भागात राक्षसाची भूमिका त्याच्याकडे आली, बोलणारा आंधळा राक्षस. चित्रणही तसंच झालं. मग त्याचे सगळे संवाद कापले, आंधळेपणाचे उल्लेखही कापले. उरला तो हात पुढे करून ठेचकाळत चालणारा, कधी तोंड हलवणारा पण आवाज नसलेला लुगोसी. त्याची टर उडवली गेली. आणि गंमत बघा, आज कुठलंही पोर राक्षसाची नक्कल करताना हात ताठ पुढे धरतं, ती चाल कार्लॉफची नाहीच. ती या कापलेल्या आंधळ्याची आहे. ते संवाद आजवर मिळालेले नाहीत.

तिथेच आणखी एक बारकावा. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये माणसाचा लांडगा कधी होतो ते सांगणारं चार ओळींचं कवन आहे. ते लोकगीत नव्हे, पटकथाकार कर्ट सिओडमॅकने लिहिलेलं. त्यात शरदातला लख्ख चंद्र आहे, पौर्णिमा नाही. १९४३ मध्ये शेवटची ओळ बदलली आणि चंद्र पूर्ण झाला. पौर्णिमेचा नियम इथे घट्ट झाला. भाच्याने दोन्ही डिस्कांवर ती ओळ शोधून मिनिटांसकट नोंदवली. पोरगा तयार होतोय.

२२ फेब्रुवारी

किंग काँग (१९३३). १९३८ च्या पुनर्प्रदर्शनासाठी कापलेले तुकडे (काँग माणसं चावतो, चिखलात तुडवतो, चुकीची बाई उचलून उंचावरून सोडून देतो) १९७० च्या सुमारास परत जोडले गेले. दरीतल्या कोळ्यांचा प्रसंग मात्र प्रदर्शनाआधीच काढला होता आणि तो कुठेच नाही.

चांगल्या डिस्कवर काँगची लव सतत सळसळताना दिसते. वारा नाही तो. एकेका चौकटीसाठी पुतळा हलवताना ओब्रायनच्या पथकाची बोटं सशाच्या कातडीवर दाबली जायची, त्या बोटांचे ठसे म्हणजे ती सळसळ. काहींना हा दोष वाटतो. मला तो माणसाचा हात दिसतो, म्हणून मी काँग जवळ बसून पाहतो.

१९५२ मध्ये काँग पुन्हा थिएटरात लागला आणि गल्ला भरला. त्यातून १९५३ चा 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स' निघाला, रे हॅरीहाउसेनच्या करामतीचा. आणि १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये गॉडझिला उठला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या राखेत जपानी मासेमारी नौका सापडली होती, चित्रपटाची सुरुवातच समुद्रात पेटणाऱ्या नौकेने होते.

गॉडझिलाच्या दोन ओळी. इशिरो होंडाचा मूळ, ९६ मिनिटं. आणि १९५६ ची अमेरिकी आवृत्ती, ८० मिनिटं, तीत रेमंड बर हा अमेरिकी वार्ताहर म्हणून मधे बसवलाय. अणुबॉम्बची वेदना त्यात पुष्कळ पातळ झाली. तरी काढणार नाही. जपानबाहेर कित्येकांना गॉडझिला भेटला तो याच रूपात, मूळ आवृत्ती अमेरिकी थिएटरांत नीटपणे पोचायला २००४ उजाडलं. दोन्ही लागोपाठ पाहिल्या की कुठला खांदा कुठल्या देशात उभा आहे ते कळतं: बर ज्यांच्याशी बोलतो त्या पात्रांची फक्त पाठ दिसते.

डरकाळी कशी केली ते भाच्याला ऐकवलं. राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बासच्या सैल तारेवरून ओढला, मग ध्वनिमुद्रणाची गती बदलली. अकिरा इफुकुबेची युक्ती.

१ मार्च

हॅमर या ब्रिटिश कंपनीचा ड्रॅक्युला (१९५८). ब्रिटनमध्ये 'ड्रॅक्युला', अमेरिकेत 'हॉरर ऑफ ड्रॅक्युला'. नावं दोन, ओळ एक, टोपणनावांचा रकाना वाढवला. पण आवृत्त्या पुन्हा दोन. शेवटी उन्हात ख्रिस्तोफर ली विरघळतो त्यातले काही क्षण सेन्सॉरने काढले होते, जपानला गेलेल्या प्रतीत ते राहिले अशी चाहत्यांत वर्षानुवर्षं कुजबुज होती. २०११ मध्ये टोकियोतल्या चित्रपट संग्रहालयात आगीने होरपळलेली रिळं मिळाली. काउंट स्वतःच्याच बोटांनी चेहऱ्याची कातडी ओरबाडतो तो क्षण त्यांत होता, आता डिस्कवर आहे. काही सेकंदांचाच. त्यासाठी आख्खी डिस्क पुन्हा घेतली, आणि घेणारा मी एकटा नसणार.

८ मार्च

प्रश्न: जो चित्रपट कोणाकडेच नाही त्याला ओळ द्यायची का? दिली. 'लंडन आफ्टर मिडनाइट', १९२७, टॉड ब्राउनिंग, लॉन चॅनी. शेवटची ज्ञात प्रत १९६० च्या दशकात एमजीएम स्टुडिओच्या फिल्म-कोठारातल्या आगीत गेली. उंच टोपी आणि करवतीसारखे दात असलेला तो चेहरा मासिकांत इतक्यांदा छापला गेला की न पाहिलेला चित्रपट तोंडपाठ वाटतो. २००२ मध्ये स्थिरचित्रं जुळवून त्याची एक मांडणी झाली, तीही ओळीत नोंदवली. २०१४ मध्ये त्याचं पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला गेलं. सिनेमा नाही, पोस्टर आहे, आणि भाव त्यालाच.

उलट 'नोस्फेरातू'. १९२२ च्या या चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करा असा कोर्टाचा हुकूम होता, कारण गोष्ट परवानगीशिवाय 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून घेतली होती आणि लेखक ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने हक्कासाठी दावा जिंकला होता. प्रती इतस्ततः गेल्या होत्या म्हणून वाचला. कायदा तिच्या बाजूने होता, मी प्रतींच्या बाजूने.

माझी पोस्टरं सगळी पुनर्मुद्रणं. सूचीत तसंच स्वच्छ लिहिलं. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, १९३० च्या दशकातल्या दगडी छापाच्या रंगांत तशी जाळी नसते.

१५ मार्च

डिस्कांची तपासणी. एका लेझरडिस्कवर पांढरे ठिपके उसळताहेत, थरांमधला चिकटा खराब झाला की आतला ॲल्युमिनियमचा पत्रा गंजतो. बाकी ठीक.

'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून'ची (१९५४) थ्रीडी डिस्क ठेवायची, सपाट आवृत्तीने भागत नाही. रिको ब्राउनिंग पाण्यात पोहतो आणि खोली खरोखर खोल वाटते. जमिनीवरचा प्राणी वेगळा, बेन चॅपमन. आराखडा मिलिसेंट पॅट्रिकचा, श्रेय अनेक वर्षं मेकअप विभागाच्या प्रमुखाने घेतलं. सूचीत तिचं नाव घातलं.

फितीचे कण पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत केलेल्या डिस्का मात्र देऊन टाकणार. पियर्सने चिकटवलेला एकेक केस दिसायला हवा, तोच पुसायचा असेल तर मेकअप केला कशाला?

२२ मार्च

उरलं ते ममीचं शेपूट. १९३२ चा कार्ल फ्रॉइंडचा पहिला 'द ममी' उत्तम, त्याची ओळ केव्हाच भरली. १९४० ते ४४ मधले खारिस नावाच्या ममीचे चार चित्रपट एका बैठकीत उरकले. सगळे तासाभराचे, कापलेलं काही नाही, कोणी कापायची तसदीही घेतली नसावी. भाच्याने स्थळांसाठी वेगळा रकाना सुचवला आणि तो लगेच कामाला आला: तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी खारिस अमेरिकेच्या ईशान्येकडच्या दलदलीत बुडतो, चौथ्यात त्याला उकरून काढतात ते थेट लुईझियानातून. मधली शेकडो मैलं तो चिखलाखालून चालत गेला असणार. शेऱ्यात तसंच लिहिलंय.